बक्षीस वेगळं, मजुरी वेगळी

कामं आवरून रेडिओपाशी बसलात ना? आज जरा लांबच्या देशाची गोष्ट सांगणार आहे, पण सुरुवात आपल्या दारातूनच करते.

गेल्या लग्नसराईत आमच्या गटातल्या सहा जणी एका मंगल कार्यालयात वाढायला गेल्या होत्या. दिवसाचे चारशे रुपये ठरले होते. पंगती उठल्या, खरकटी काढून झाली, आणि केटरिंगवाल्याने प्रत्येकीच्या हातावर तीनशे ठेवले. आमच्यातल्या एका मावशींनी विचारलं, "दादा, शंभर कमी कसे?" तो म्हणाला, "वरमाईने तुम्हाला शंभर-शंभर बक्षीस दिलंच की! झाले ना चारशे?"

आता तुम्हीच हिशेब करा. वरमाईने खुशीने सहा जणींना सहाशे दिले. पण ते सहाशे शेवटी वाचले कोणाचे? केटरिंगवाल्याचे!

गटाच्या बैठकीत यावर बरीच चर्चा झाली. म्हणून मी जरा वाचायला बसले, आणि थक्कच झाले. आपल्या केटरिंगवाल्याने केलेली ही वजावट अमेरिकेत चक्क कायद्यात लिहिलेली आहे.

हॉटेलात वाढणाऱ्याला वर जे पैसे देतात, त्याला तिकडे 'टीप' म्हणतात. ही पद्धत मूळची युरोपातली. तिकडे फिरून आलेल्या श्रीमंत अमेरिकन लोकांनी ती आपल्या देशात नेली. १८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी संपली. लाखो कृष्णवर्णीय माणसं मोकळी झाली, पण हाताला काम नव्हतं, नावावर जमीन नव्हती. हॉटेलांनी आणि रेल्वेच्या कंपन्यांनी त्यांना कामावर घेतलं. पगार मात्र अगदी थोडा, कुठे कुठे तर काहीच नाही. बाकीचं गिऱ्हाईक देईल, असा मालकांचा हिशेब.

पुलमन नावाची एक कंपनी होती. तिचे रेल्वेत झोपून जायचे डबे असत. त्यात अंथरूण घालायला, सामान उचलायला, बूट पुसायला कृष्णवर्णीय पोर्टर असत. कंपनीच्या मालकाचं नाव जॉर्ज, म्हणून प्रवासी प्रत्येक पोर्टरला 'जॉर्ज' अशीच हाक मारत. माणसाला स्वतःचं नावसुद्धा नाही! बुटाचं पॉलिशही त्यांनी आपल्या पैशाने आणायचं. महिन्याला चारशे तासांच्या आसपास काम, आणि घर चालायचं ते टीपवर. म्हणजे हसत राहायचं, झुकत राहायचं, अपमान गिळायचा.

१९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या पुढाकाराने या पोर्टरांनी संघटना बांधली. मागणी साधी होती: आमच्या कामाचा पुरेसा पगार कंपनीने द्यावा, आम्हाला हात पसरायला लावू नये.

मैत्रिणींनो, आता या गोष्टीतली बाई ऐका. वॉशिंग्टन शहरात रोझिना टकर नावाच्या बाई राहत. त्यांचे पती पोर्टर होते. संघटनेत कोण आहे हे कंपनीला कळलं तर नोकरी जायची. म्हणून रोझिनाबाई गुपचूप पोर्टरांच्या घरोघरी जायच्या, बायकांशी बोलायच्या, पत्रकं द्यायच्या, वर्गणी गोळा करायच्या. आपण बचतीसाठी फिरतो ना, तशाच! कंपनीला हे कळलं आणि त्यांच्या पतीला कामावरून काढलं. रोझिनाबाई थेट साहेबाच्या कचेरीत गेल्या. टेबलावर हात आपटून त्यांनी सुनावलं, की मी काय करते त्याचा माझ्या नवऱ्याच्या नोकरीशी काही संबंध नाही. नवऱ्याला परत कामावर घ्यावं लागलं.

बारा वर्षं झगडा चालला. १९३७ साली कंपनीने करार केला. पगार वाढला, आणि महिन्याचे तास चारशेवरून २४० वर आले.

पण हॉटेलात वाढणाऱ्यांचं काय? १९०९ पासून काही राज्यांनी टीपवरच बंदी घालून पाहिली. गिऱ्हाईकाला मनाई झाली, पण मालकाने पुरेसा पगार द्यावा असं कोणी म्हटलं नाही. १९२६ पर्यंत त्या बंद्या उठल्या. १९३८ साली देशभर किमान वेतनाचा कायदा झाला, तर त्यातून हॉटेल कामगार वगळले गेले. १९६६ साली त्यांना आत घेतलं, पण अट घालून: मिळालेली टीप मालकाने पगारात धरली तरी चालेल. आज तिथलं देशाचं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे. पण टीप मिळणाऱ्याला मालकाने स्वतःच्या खिशातून फक्त २.१३ डॉलर दिले तरी कायद्याला चालतं. हा २.१३ चा आकडा १९९१ पासून हललेला नाही! टीप कमी पडली तर फरक मालकाने भरायचा, असं कायदा म्हणतो. पण तो मागायचा कोणी? कॅलिफोर्नियासारख्या सात राज्यांत मात्र मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं, टीप वरची.

टीपवर जगणाऱ्या या कामगारांत तीनांत दोन बाया आहेत. जिचा पगारच गिऱ्हाईकाच्या मर्जीवर, तिने गिऱ्हाईकाच्या घाणेरड्या बोलण्याला उत्तर कसं द्यायचं?

दुसरी बाजूही सांगते. मोठ्या हॉटेलात काम करणाऱ्या काही जणी म्हणतात, टीपमुळे आम्हाला जास्त मिळतं, पद्धत मोडू नका. छोटे हॉटेलवाले म्हणतात, पगार वाढला तर जेवण महाग होईल. रोझिनाबाईंच्या त्याच वॉशिंग्टन शहरात २०१८ साली लोकांनी पूर्ण पगाराच्या बाजूने मत दिलं. नगर परिषदेने ते त्याच वर्षी रद्द केलं. २०२२ साली लोकांनी पुन्हा तेच मत दिलं. वाद अजून मिटलेला नाही.

कष्टाचा मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर असू नये, हे आपल्याकडेही फार पूर्वी सांगितलं गेलं आहे. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाबद्दल विधेयक मांडलं. बलुत्याच्या धान्यासाठी दारोदार जायला नको, त्याऐवजी रोख मोबदला मिळावा, हा त्यातला मुद्दा होता. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली आपल्या देशात किमान वेतनाचा कायदा झाला. किमान वेतन द्यायची जबाबदारी मालकाची. अमेरिकेसारखी बक्षिसाची वजावट त्यात नव्हती.

आमच्या गटाने आता तीन गोष्टी ठरवल्या आहेत. कामाला जाण्याआधी मजुरी किती आणि तास किती, हे वहीत लिहून केटरिंगवाल्याची सही घ्यायची. बक्षीस मिळालं तर ते मजुरीत धरायचं नाही, सगळ्या जणींनी सारखं वाटून घ्यायचं, भांडी घासणारीलाही. आणि पैसे कमी मिळाले तर एकटीने नाही, सहाही जणींनी मिळून विचारायला जायचं.

त्या मावशींचे शंभर रुपये मिळाले का, असं तुम्ही विचाराल. मिळाले. सहाही जणी त्याच्या दारात जाऊन बसल्या, तेव्हा मिळाले.

येते मैत्रिणींनो. तुमच्या गटातही हा विषय काढा.