स्त्री-पुरुष तुलना
'''स्त्री-पुरुष तुलना''' हा ताराबाई शिंदे यांनी लिहिलेला मराठी निबंध इ.स. १८८२ मध्ये पुणे येथे प्रसिद्ध झाला. ताराबाई या तत्कालीन वऱ्हाड प्रांतातील बुलढाण्याच्या होत. स्त्रीजातीवरील टीकेला त्यांनी दिलेले हे उत्तर भारतातील आरंभीच्या स्त्रीवादी लेखनात गणले जाते.

== पार्श्वभूमी ==
१८८१ मध्ये सुरत येथील विजयालक्ष्मी या विधवेस अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती सौम्य करण्यात आली. या प्रकरणाच्या निमित्ताने 'पुणेवैभव' या वृत्तपत्राने स्त्रियांच्या आचरणावर टीका केली.

== युक्तिवाद ==
स्त्रियांवर लादले जाणारे दोष ताराबाईंनी एकेक करून घेतले आणि तेच दोष पुरुषांत अधिक असल्याचे दाखवले. पत्नी वारल्यावर पुरुषाला पुन्हा विवाहाची मुभा असताना विधवेला ती का नाही, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता.

== प्रतिसाद ==
पुस्तकावर कठोर टीका झाली. सत्यशोधक चळवळीतील सहकाऱ्यांनीही नापसंती दर्शविली. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक प्रसिद्ध झाले नाही. दीर्घकाळ विस्मृतीत गेलेला हा निबंध स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशात आणला.