डालडा: शिवडीचा डबा आणि कोलेस्टेरॉल

दादरच्या आग्नेयेला, बंदराच्या बाजूस शिवडी. १९३२ मध्ये येथे हिंदुस्तान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचा कारखाना सुरू झाला. तोवर वनस्पती तूप हॉलंडहून येई. आयातदाराच्या ‘दादा’ या नावात लीव्हरचा ‘ल’ शिरला आणि १९३७ मध्ये ‘डालडा’ अवतरला. ताडाचे झाड मिरवणारा तो पिवळा डबा साजूक तुपाची ऐपत नसलेल्या घरांत पोहोचला. रिकामा झाला की त्यात तुळस लागे.

वस्तुतः हे तूप नव्हेच. तापवलेल्या तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळला की तेल थिजते. ही प्रक्रिया अर्धवट ठेवली की ट्रान्स मेद निर्माण होतो.

स्वातंत्र्याच्या सुमारास वनस्पतीवर बंदीची मागणी झाली. गांधीजींचाही तिला विरोध होता. मुख्य आक्षेप होता तुपातील भेसळीचा. कोलेस्टेरॉल कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

तो मुद्दा आला १९९० मध्ये, आणि योगायोग पाहा, हॉलंडमधूनच. मेन्सिंक आणि काटान या संशोधकांनी दाखवले की ट्रान्स मेदाने धमन्यांत साचणारे एलडीएल कोलेस्टेरॉल वाढते, शिवाय हितकारक एचडीएल घटते. साजूक तुपातील संपृक्त मेदही एलडीएल वाढवतो, परंतु एचडीएल घटवत नाही. स्वस्ताईचे तूप अस्सलाहून घातक निघाले.

खाद्यतेले व मेदांतील ट्रान्स मेदावर भारतात २ टक्क्यांची मर्यादा आली ती थेट जानेवारी २०२२ मध्ये. मधल्या पिढ्यांना काही जाणवले नसणार. वाढलेले कोलेस्टेरॉल दुखत नाही, ते रक्ततपासणीतच दिसते.