काळ्या बियांची गुलबाक्षी



गुलबाक्षी कोणी विकत आणत नाही. शेजारणीकडून चार बिया मागायच्या, कुंपणाच्या कडेला टोचायच्या, झालं. म्हणून ती इथलीच, गावठी वाटते. पण तिचं माहेर मेक्सिको-पेरूच्या बाजूचं. सोळाव्या शतकात ती युरोपात पोचली. १५९७ साली इंग्लंडच्या जॉन जेरार्डने आपल्या वनस्पतिग्रंथात तिला ‘पेरूचं नवल’ म्हटलं. आपल्याकडे ती बहुधा पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या केरळच्या वनस्पतींवरच्या बारा खंडांत ती आहे, आणि तीही संध्याकाळचं फूल अशा अर्थाच्या मल्याळी नावानं. आपण तिला फारसी ‘गुल’ जोडला आणि लुगड्याच्या एका रंगालाही तिचंच नाव देऊन टाकलं!

दुपार कलली की ती उमलते, रात्रभर वास देते आणि सकाळी मिटते. इंग्रजीत तिला ‘चार वाजताचं फूल’ म्हणतात. आमच्या सासरी घड्याळ एकच, तेही माडीवर. परसात गुलबाक्षी उमलली की सासूबाई चूल पेटवत, म्हणजे चौविहार असलेल्यांची जेवणं दिवसाउजेडी उरकत. ढगाळ दिवशी मात्र तिचा भरवसा नसे. अशा दिवशी त्या पोराला माडीवर पिटाळत.

जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स यांनी हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या पानांची गुलबाक्षी घेऊन प्रयोग केले. ते १९०९ साली प्रसिद्ध झाले. पराग कुठल्याही झाडाचे असोत, रोपाच्या पानांचा रंग ठरला तो बी धरणाऱ्या फांदीवरून, म्हणजे आईवरून. तिच्या साऱ्या इतिहासात मला हेच सर्वांत आवडतं.

लावायची असेल तर मृगाचा पाऊस पडल्यावर बोटाच्या पेराइतकं खोल बी टोचा. झाड पुढे वाळलं तरी खाली कंद जिवंत असतो, पावसाळ्यात पुन्हा फुटतो. कोणी मागितलं तर कंद उपटून देऊ नका, बीच द्या. मातीतल्या जीवांना धक्का नको. बी हुबेहूब काळ्या मिरीसारखं दिसतं आणि विषारी असतं. त्याची पुरचुंडी मसाल्याच्या डब्यापासून आणि नातवंडांपासून लांब ठेवा.