कौटुंबिक डॉक्टरांचा दवाखाना आणि औषधविषयक माहितीचे मार्ग : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील आधुनिक वैद्यकाचा इतिहास प्रामुख्याने रुग्णालये, साथी आणि थोर व्यक्ती यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. १८४५ मध्ये सुरू झालेले ग्रँट मेडिकल कॉलेज, १८९६ ची प्लेगची साथ, डॉ. भाऊ दाजी लाड किंवा डॉ. आनंदीबाई जोशी यांची चरित्रे या विषयांवर विपुल लेखन उपलब्ध आहे. मात्र सर्वसामान्य माणसाचा वैद्यकाशी पहिला, आणि बहुतेक वेळा एकमेव, संबंध ज्या ठिकाणी आला तो गल्लीतील वा पेठेतील दवाखाना या इतिहासात अभावानेच आढळतो. घरातील तीन पिढ्यांची प्रकृती ओळखणारा, रात्री-अपरात्री व्हिजिटला येणारा ‘फॅमिली डॉक्टर’ आपल्या कथा-कादंबऱ्यांत आणि नाटकांत आहे, इतिहासग्रंथांत नाही.

प्रस्तुत लेखात या दवाखान्याचा एका मर्यादित प्रश्नाच्या अंगाने विचार केला आहे. रुग्ण समोर बसलेला असताना डॉक्टरांना शंका आली, तर ती फेडण्यासाठी त्यांच्याजवळ कोणते साधन होते? प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. परंतु औषधाची मात्रा, ते घेण्याचा कालावधी आणि दोन औषधांचा परस्परविरोध यांविषयीची माहिती डॉक्टरांपर्यंत कोणी पोहोचवली, यावर रुग्णाचे बरेवाईट अवलंबून असल्याने तो इतिहासकाराने दुर्लक्षावा असा नाही.

मिक्श्चरचा काळ

ग्रँट मेडिकल कॉलेजची पहिली तुकडी १८५१ मध्ये बाहेर पडली. तिच्यात भाऊ दाजी होते. पुण्यात १८७८ मध्ये बी. जे. मेडिकल स्कूल सुरू झाले. १९१२ हे वर्ष या संदर्भात विशेष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी बॉम्बे मेडिकल अॅक्टने डॉक्टरांची नोंदणी सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची स्थापना झाली. या संस्थेची एल.सी.पी.एस. ही पदविका पुढे अनेक दशके गावोगावच्या दवाखान्यांच्या पाट्यांवर दिसत राहिली. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानुसार देशातील सुमारे ४७,५०० डॉक्टरांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश अशा पदविकाधारक वर्गातील होते. समितीने हा वर्ग बंद करून सर्वांसाठी एकच पदवी असावी, अशी शिफारस केली. ती तात्त्विकदृष्ट्या योग्यच होती. परंतु खेड्यांतील दवाखाने प्रत्यक्षात ज्यांनी चालविले, त्यांच्या ज्ञानाचे पुढे काय करायचे, हा प्रश्न त्यामुळे बाजूला पडला असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

या काळातील दवाखान्याची रचना साधी होती. बाहेर बाके, आत डॉक्टरांचे टेबल आणि मध्ये लाकडी फळीआड कंपाउंडर. डॉक्टर कागदावर लॅटिन संक्षेपांत औषधयोजना लिहीत. कंपाउंडर ग्रेन आणि मिनिमच्या मापाने चूर्णे व द्रव मोजून मिक्श्चर तयार करी, पुड्या बांधी आणि बाटलीला मात्रेच्या खुणांसाठी कातरलेली कागदी पट्टी चिकटवी. (ही पट्टी आणि ‘हलवून घ्या’ ही सूचना आज पन्नाशी ओलांडलेल्या अनेक वाचकांना आठवत असेल.) औषध दवाखान्यातच सिद्ध होत असल्याने त्याचे घटक डॉक्टर व कंपाउंडर दोघांनाही ठाऊक असणे अपरिहार्य होते. संदर्भासाठी १८६४ पासून निघणारा ब्रिटिश फार्माकोपिया होता. देशी वनस्पतींसाठी डॉ. वामन गणेश देसाई यांच्या ‘ओषधीसंग्रह’ (१९२७) सारखा मराठी ग्रंथ होता. वापरातील औषधांची संख्या मर्यादित असल्यामुळे महाविद्यालयात शिकलेली औषधशास्त्राची पुस्तके आयुष्यभर पुरत. या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही, कारण त्या मिक्श्चरांपैकी अनेकांचा गुण आजच्या कसोटीवर टिकणार नाही. तथापि, जे औषध दिले जाई त्याची माहिती दवाखान्याच्या भिंतींच्या आत होती, हे वैशिष्ट्य नोंदविणे आवश्यक आहे.

तयार औषधांचे आगमन

सल्फा गटातील औषधे, त्यानंतर पेनिसिलीन व स्ट्रेप्टोमायसीन यांनी ही व्यवस्था मोडली. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. फळीआडच्या खलात प्रतिजैविक तयार होणे शक्य नव्हते. ते कारखान्यातून बंद कुपीत येऊ लागले. १९४८ च्या फार्मसी कायद्याने औषधे मिसळून देण्याचे काम नोंदणीकृत औषधनिर्मात्याकडे सोपविले, तर १९४५ च्या औषध नियमांनी डॉक्टरांना स्वतःच्या रुग्णांसाठी औषध ठेवण्याची सवलत दिली. परिणामी दवाखाना टिकला, फळीही टिकली. पण तिच्याआडचे ज्ञान कमी होत गेले. कंपाउंडर हळूहळू गोळ्या मोजून देणारा मदतनीस झाला.

१९७० चा पेटंट कायदा १९७२ पासून अमलात आला. औषध या वस्तूवर पेटंट न राहता केवळ प्रक्रियेवर राहिल्याने देशी कंपन्यांची वाढ झाली, किमती उतरल्या, आणि त्याचबरोबर एकाच औषधाची अनेक व्यापारी नावे बाजारात आली. १९७५ मध्ये हाथी समितीने मूळ नावांच्या वापराचा पुरस्कार केला. परंतु व्यवहारात व्यापारी नावेच रूढ राहिली.

माहिती पुरविणारे कोण?

येथे आपण विषयाच्या गाभ्याशी येतो. औषधे वाढली, नावे त्याहून वाढली; मग निःपक्ष माहितीची व्यवस्था कोणती होती? भारताचा स्वतःचा औषधकोश, इंडियन फार्माकोपिया, १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु तो प्रामुख्याने औषधांच्या शुद्धतेचे व प्रतीचे निकष सांगणारा ग्रंथ आहे. रुग्णाला काय, किती आणि किती दिवस द्यावे हे सांगण्यासाठी नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया हा ग्रंथ १९६० मध्ये शासनाने काढला. त्याची दुसरी आवृत्ती १९६६ मध्ये, तिसरी १९७९ मध्ये निघाली. चौथी आवृत्ती यायला त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ लागला.

या तीन दशकांचे गांभीर्य तुलनेने अधिक स्पष्ट होईल. ब्रिटनमध्ये युद्धकालीन औषधसूचीच्या पायावर १९४९ मध्ये ब्रिटिश नॅशनल फॉर्म्युलरी निघाली आणि १९८१ पासून ती नव्या स्वरूपात वर्षातून दोनदा प्रसिद्ध होऊ लागली. तेथील सामान्य डॉक्टरच्या टेबलावर सहा महिन्यांपेक्षा जुनी माहिती असण्याचे कारण उरले नाही. ज्या काळात ब्रिटनमध्ये अशा साठाच्या आसपास आवृत्त्या निघाल्या, त्या काळात आपल्याकडे एकही निघाली नाही.

ही पोकळी भरून काढली ती औषध कंपन्यांनी. सिम्स, मिम्स यांसारख्या व्यापारी नावांच्या सूची दवाखान्यात आल्या. त्यांत मात्रा, किंमत आणि घटक एकत्र मिळत, आणि मिम्सच्या भारतीय आवृत्तीचे संपादक डॉ. चंद्र गुलाटी यांनी औषध कंपन्यांवर सातत्याने परखड टीका केली, हे मान्य केले पाहिजे. पण या सूचींपेक्षाही प्रभावी साधन म्हणजे वैद्यकीय प्रतिनिधी, अर्थात ‘एम.आर.’. या व्यवसायाचा विस्तार एवढा झाला की १९७६ मध्ये विक्रय संवर्धन कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा करावा लागला. एम.आर. ठरावीक दिवशी येई, रुग्णांची गर्दी ओसरेपर्यंत बाकावर थांबे, आणि दोन-तीन मिनिटांत गुळगुळीत कागदावरील चित्रांच्या साहाय्याने एका नाममुद्रेची माहिती देऊन नमुन्याच्या गोळ्या ठेवून जाई. दिवसाकाठी साठ-सत्तर रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांना यापेक्षा सोयीचे ‘अध्यापन’ दुसरे नव्हते. त्यांना दोष देणे सोपे आहे. मात्र ज्ञान विचारण्यासाठी जावे असे ठिकाणच नसताना, दारात चालत आलेले ज्ञान स्वीकारले जाणे स्वाभाविक होते.

धारावीतील शंभर चिठ्ठ्या

या परिस्थितीचे फलित काय झाले, याचा एक दुर्मीळ पुरावा उपलब्ध आहे. डॉ. मुकुंद उपळेकर आणि डी. एस. शेपर्ड यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुंबईतील धारावी परिसरातील १०० खाजगी डॉक्टरांना क्षयाच्या रुग्णासाठी औषधयोजना लिहून देण्यास सांगितले होते. शंभर डॉक्टरांनी ८० वेगवेगळ्या योजना लिहिल्या. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम १९६२ पासून अस्तित्वात होता, ही बाब या ठिकाणी लक्षात घ्यावी लागेल.

हा पुरावा बारकाईने पाहण्याजोगा आहे. औषधांची नावे डॉक्टरांना अपरिचित नव्हती; रिफॅम्पिसिन, आयसोनियाझिड, एथाम्ब्युटॉल ही नावे दवाखान्यात नित्याची झाली होती. चुका होत त्या औषधांच्या जुळणीत, वजनानुसार मात्रेत आणि महिन्यांच्या हिशेबात. क्षयाचा उपचार म्हणजे अनेक औषधांची अनेक महिने चालणारी एकसंध योजना. एम.आर.च्या कागदावर मात्र एका कंपनीच्या एका नाममुद्रेपुरती माहिती असते. संपूर्ण योजना शिकविण्यात कोणाही विक्रेत्याचा लाभ नव्हता, आणि ज्या शासकीय ग्रंथात ती अद्ययावत स्वरूपात असायला हवी होती, तो १९७९ वरच थांबला होता. अपुऱ्या उपचाराने जंतू औषधांना दाद देईनासे होतात, हे वैद्यकाला पूर्वीपासून ज्ञात आहे. त्याची किंमत मात्र झोपडपट्टीतील रुग्णाने मोजली.

सुमारे वीस वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा विचारला गेला. झरीर उदवाडिया, लान्सलॉट पिंटो व मुकुंद उपळेकर यांच्या २०१० मधील शोधनिबंधानुसार १०६ डॉक्टरांनी ६३ वेगवेगळ्या योजना लिहिल्या आणि त्यांपैकी केवळ ६ जणांची योजना बिनचूक होती. मधल्या काळात संगणक आला होता. वैद्यकीय नियतकालिकांची पबमेड ही सूची १९९७ पासून जगभर विनामूल्य खुली होती. यावरून साधन उपलब्ध असणे आणि ते दवाखान्याच्या कामकाजात सामावणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे म्हणता येईल. अमेरिकेतील आयोवा राज्यात १०३ कौटुंबिक डॉक्टरांचे निरीक्षण करून एली व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखविले की, पडलेल्या १,१०१ प्रश्नांपैकी जेमतेम एक तृतीयांशांहून थोड्या अधिक प्रश्नांची उत्तरे शोधली गेली आणि शोधासाठी सरासरी दोन मिनिटांहून कमी वेळ दिला गेला. संपन्न देशातील ही स्थिती पाहता, मुंबईच्या डॉक्टरांवर आळसाचा ठपका ठेवता येत नाही.

नोंदींचा प्रश्न

भारतीय वैद्यक परिषदेने २००२ च्या आचारसंहितेत पाच वर्षांत किमान ३० तासांच्या निरंतर शिक्षणाची अपेक्षा नोंदविली आणि २००९ च्या दुरुस्तीने कंपन्यांच्या भेटवस्तूंवर बंदी आणली. त्याच संहितेने रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपण्याचे बंधन घातले. बाह्यरुग्णांच्या केस-पेपरविषयी असे बंधन घातले नाही. ब्रिटनमध्ये १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यानंतर प्रत्येक रुग्णाच्या नोंदीचे पाकीट त्याच्याबरोबर एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जाऊ लागले. लॉईड जॉर्ज यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पाकिटे तेथील इतिहासकारांचे साधन ठरली. आपल्याकडे डॉक्टर निवृत्त झाले की केस-पेपरांचे गठ्ठे बहुधा रद्दीत जातात. धारावीतील त्या शंभर चिठ्ठ्या संशोधकांनी मुद्दाम लिहवून घेतल्या, म्हणून अभ्यासकांच्या हाती आल्या. त्याच डॉक्टरांनी त्याच वर्षी आपल्या टेबलासमोर बसलेल्या रुग्णांना काय लिहून दिले, हे पडताळून पाहण्याचा मार्ग आता उरलेला नाही.