जुन्या ट्रॅक्टरची मोड : बारामती-इंदापूर परिसरातील सुट्या भागांच्या व्यवहाराचा विचार

यंत्राचा इतिहास लिहिताना ते कोणी घडविले, केव्हा आले आणि त्यामुळे उत्पादनात कोणता फरक पडला, एवढ्याचीच नोंद बहुधा केली जाते. तेच यंत्र निकामी झाल्यावर त्याचे काय होते, हा प्रश्न अभ्यासाच्या कक्षेबाहेर राहतो. वस्तुतः ज्या देशात यंत्रे दीर्घकाळ परदेशातून येत राहिली, त्या देशात यंत्राचे उत्तरायुष्य हा त्याच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा भाग होय. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांच्या बागायती पट्ट्यातील जुन्या ट्रॅक्टरांच्या मोडीकडे या दृष्टीने पाहणे उपयुक्त ठरेल.

१

प्रारंभी ‘मोड’ या शब्दाचा विचार करणे अगत्याचे आहे. तांबटाकडे जुने भांडे किंवा सोनाराकडे जुना दागिना मोडीत दिला म्हणजे त्याचे मोल केवळ धातूच्या वजनावर ठरते. ज्या घडणावळीसाठी गिऱ्हाइकाने पूर्वी पैसे मोजलेले असतात, ती मोडीच्या वेळी शून्य होते. ‘मोडीत काढणे’ या वाक्प्रचारातील निरुपयोगीपणाची छटा येथूनच आलेली आहे.

ट्रॅक्टरच्या बाबतीत मात्र या व्यवहाराचे स्वरूप पालटते. लोखंड म्हणून तराजूवर चढणारा गिअर आणि दुसऱ्या ट्रॅक्टरात बसणारा गिअर यांचे वजन एकच असते, मोल एक नसते. भंगारात धातू विकला जातो. सुट्या भागात घडणावळ विकली जाते. कोणत्या भागाची घडणावळ अद्याप शिल्लक आहे हे ओळखणे, हेच या विद्येचे मर्म होय.

२

बारामती व इंदापूर हे मूळचे पर्जन्यछायेतील तालुके. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या नीरा डाव्या कालव्याने त्यांतील मोठा भाग बागायत झाला आणि उसाची लागवड वाढली. इंदापूर तालुक्यातील कळंब येथील जमिनीवर वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या ऊसमळ्यातून व साखर कारखान्यातून १९३० नंतरच्या दशकात वालचंदनगर उदयास आले. सहकारी साखर कारखाने पुढे १९५० नंतरच्या काळात निघाले.

ऊस हे खोल नांगरटीचे पीक आहे. काळ्या जमिनीत हरळी व कुंदा यांची मुळे खोलवर जातात आणि ती उपटून काढणे बैलांच्या अनेक जोड्यांनाही जड जाते. यांत्रिक नांगरटीची गरज या पट्ट्यात कोरडवाहू भागापेक्षा आधी भासली, ती या कारणाने. यंत्र आले की दुरुस्ती आली. जेथे सुटा भाग मिळण्यास आठवडे लागत, तेथे तो आपल्याच कर्मशाळेत तयार करणे किंवा जुन्या यंत्रातून काढणे, हे दोनच मार्ग उरत. वालचंदनगर पुढे साखर कारखान्यांची यंत्रे आणि त्यानंतर अवकाश कार्यक्रमासाठी अवजड भाग घडविणारे केंद्र बनले. अशा उद्योगाला लागणारे हात दुरुस्तीच्या कामावरही तयार होत असतात, ही गोष्ट विसरता येत नाही.

३

भारतातील ट्रॅक्टरांच्या सार्वत्रिक वापराचा आरंभच एका अर्थी मोडीतून झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेले ट्रॅक्टर दुरुस्त करून केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने १९४७ च्या सुमारास पडीक जमिनी तोडण्याचे काम हाती घेतले. याच कामाच्या विस्तारासाठी १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला १ कोटी डॉलरचे कर्ज दिले.

यानंतरच्या दशकात फर्ग्युसन, फोर्डसन इत्यादी ट्रॅक्टर परदेशातून येत राहिले. १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची तीव्र टंचाई निर्माण होऊन आयातीवर कडक निर्बंध आले. देशात बनलेला पहिला ट्रॅक्टर १९५९ मध्ये फरिदाबादच्या आयशर कारखान्यातून बाहेर पडला. तथापि मागणीच्या मानाने उत्पादन दीर्घकाळ अपुरेच राहिले. अशा स्थितीत बंद पडलेला ट्रॅक्टर हा दुसऱ्या चालत्या ट्रॅक्टरचे कोठार ठरावा, हे स्वाभाविक होते.

या कोठारात एक मोठी अडचण होती. ब्रिटिश व्हिटवर्थ पद्धतीच्या आट्यांचा कोन ५५ अंश, तर अमेरिकन व मेट्रिक आट्यांचा ६० अंश असतो. पुढे पूर्व युरोपातून झेटॉरसारखे मेट्रिक मापाचे ट्रॅक्टर आले, तेव्हा इंची आणि मेट्रिक असे दोन्ही संसार एकाच कर्मशाळेत नांदू लागले. बोल्ट पहिले दोन फेरे सहज फिरतो आणि मग अडतो. तेथे जोर केला की आटे जातात. ग्रंथातील ‘मळसूत्र’ कर्मशाळेत ‘आटे’ होते, कारागीर पोर्तुगीज ‘मेस्त्र’वरून ‘मिस्त्री’ होतो, आणि पोर्तुगीजांकडूनच आलेली ‘चावी’ कुलपाप्रमाणे शाफ्टच्या खाचेतही बसते. या परिभाषेत यंत्रविद्येचे थर असे एकावर एक साचलेले दिसतात.

४

मोडीसाठी आलेल्या ट्रॅक्टरातील भागांचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतील.

पहिला वर्ग निःशंकपणे ठेवण्याजोग्या भागांचा. बेअरिंगला ट्रॅक्टरची जात नसते. ६२०५ क्रमांकाचे बेअरिंग कोणत्याही यंत्रातून निघो, त्याचा आतील व्यास २५ मिलिमीटर आणि बाहेरील ५२ मिलिमीटरच असतो. हॅरी फर्ग्युसन यांनी रूढ केलेली तीन बिंदूंची जोडणी पुढे प्रमाणभूत ठरली. त्यामुळे लहान ट्रॅक्टरच्या खालच्या जोडाची २२ मिलिमीटरची पिन आणि वरच्या जोडाची १९ मिलिमीटरची पिन निरनिराळ्या बनावटींच्या यंत्रांवर चालते. मागचा आस, चाकांच्या रिमा, रेडिएटरची पितळी टाकी, स्टार्टर व डायनॅमो हेही याच वर्गातील.

दुसरा वर्ग जोडीनेच नांदणाऱ्या भागांचा. क्राउन आणि पिनियन यांचे दात एकमेकांवर घासून बसलेले असतात. डिझेल पंपातील प्लंजर आणि त्याचे नळकांडे परस्परांसाठीच घासून घेतलेले असतात. कनेक्टिंग रॉडची टोपी त्याच रॉडची लागते. यांतील एक ठेवून दुसरा टाकला, तर उरलेला खरोखरच भंगार होतो. म्हणून जाणता मिस्त्री खोलण्यापूर्वी खुणा करतो, नट-बोल्ट त्यांच्या मूळ छिद्रांत परत लावून ठेवतो, गंजलेले सांधे डिझेलमध्ये भिजू देतो आणि हातोडा सर्वांत शेवटी उचलतो. क्रँकशाफ्ट झिजलेला असला तरी तो ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटरने घासून, तितके जाड बेअरिंग घालून पुन्हा वापरता येतो. अर्थात मापाची नोंद त्यासोबत असली तरच.

तिसरा वर्ग मोह टाळण्याचा. रबरी सील व नळ्या, हेड गॅस्केट, कनेक्टिंग रॉडचे ताणलेले बोल्ट आणि तडा गेलेले स्टिअरिंगचे भाग पुन्हा वापरणे म्हणजे चालकाचा जीव पणाला लावणे होय. जुन्या ब्रेक व क्लचच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ हवेच्या झोताने उडविण्याची सवय फुप्फुसांना घातक आहे, हे आता सिद्ध झालेले आहे. भाग वाचविण्याच्या विद्येत टाकून देण्याचा विवेकही अंतर्भूत असतो.

५

परदेशात ‘गार्डन ट्रॅक्टर’ म्हणजे घराभोवतीच्या बागेचे हलके यंत्र. बारामती-इंदापुरात ‘बाग’ म्हणजे द्राक्षाची किंवा डाळिंबाची. ती हौसेची नसून उपजीविकेची. उसाच्या जोडीला ही फळपिके वाढली, तसे दोन ओळींतून जाणारे अरुंद, लहान ट्रॅक्टर या पट्ट्यात आले. फवारणीच्या ऐन दिवसांत असा ट्रॅक्टर दोन दिवस बंद राहिला, तर द्राक्षाचा हंगाम धोक्यात येतो. जुन्या सुट्या भागाचे खरे मोल त्या दोन दिवसांत कळते. शेतीच्या ट्रॅक्टरला दहा वर्षांनी मोडीत काढण्याची सक्ती नाही, हे केंद्रीय परिवहन मंत्रालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे जुन्या यंत्रांचे आयुष्य, आणि पर्यायाने त्यांच्या भागांची गरज, टिकून राहणार आहे.

टिकेल की नाही अशी शंका आहे ती विद्येची. कोणता भाग कोणत्या बनावटीत बसतो, हे ज्ञान कोठे छापलेले नाही; ते मिस्त्रीच्या हातात आणि बोलण्यात आहे. नव्या यंत्रांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण वाढत असल्याने ते ज्ञान घेण्यास पुढची पिढी फारशी येत नाही. मिस्त्री गेला की त्याच्या कोठीतील गिअर त्याच दिवशी पुन्हा वजनावर जातो. घडणावळ शिल्लक असते, ती ओळखणारा उरत नाही. या परिसरातील कर्मशाळांची परिभाषा, मापे आणि अदलाबदलीची कोष्टके तोंडी परंपरेतून टिपून घेण्याचे काम इतिहास आणि भाषाशास्त्र या दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन करण्याजोगे आहे, आणि ते सांगणारे हात कामावर आहेत तोवरच होण्यासारखे आहे.