नायजेरियाची लोकसंख्या आणि आर्थिक नियोजन : आकडेवारीच्या विश्वासार्हतेचा प्रश्न

नवस्वतंत्र राष्ट्रांच्या आर्थिक इतिहासात योजनांची चर्चा विस्ताराने होते. त्या ज्या आकड्यांवर उभ्या होत्या त्यांची मात्र क्वचितच. या दृष्टीने नायजेरियाचे उदाहरण उद्बोधक आहे.

१९६० मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशाच्या पहिल्या राष्ट्रीय योजनेच्या (१९६२-६८) आखणीत अर्थतज्ज्ञ वोल्फगांग स्टोल्पर यांचा प्रमुख सहभाग होता. या अनुभवावरील १९६६ च्या ग्रंथाला त्यांनी 'प्लॅनिंग विदाउट फॅक्ट्स' असे नाव दिले. त्यात अतिशयोक्ती नव्हती, कारण देशात माणसे किती हेच निश्चित नव्हते. ब्रिटिश राजवटीतील १९५२-५३ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ३ कोटी ४ लाख भरली. कराच्या भीतीने अनेकांनी नोंद टाळली, असे मानले जाते. १९६२ ची मोजणी वादामुळे रद्द झाली आणि १९६३ च्या फेरमोजणीत हीच संख्या सुमारे ५ कोटी ५७ लाखांवर गेली. वार्षिक वाढीचा दर ६ टक्क्यांहून अधिक! नैसर्गिक वाढीने हे अशक्यच. संसदेतील जागा आणि महसुलाचा वाटा आता लोकसंख्येशी निगडित झाला होता. गणना म्हणजे कर, तेव्हा माणसे लपली. गणना म्हणजे सत्ता, तेव्हा ती वाढली. आणेवारीवर सवलत ठरू लागली की आणेवारी ही केवळ पिकाची मोजणी राहत नाही, हे महाराष्ट्रातील वाचकास वेगळे सांगावयास नको.

१९७३ ची गणनाही पुढे रद्द ठरली. परिणामी १९६३ चाच आकडा वाढवत नेऊन दरडोई उत्पन्न व दरडोई अन्नधान्य यांचे हिशेब होत राहिले. १९७६ मध्ये 'ऑपरेशन फीड द नेशन' ही मोहीम सुरू झाली, तेव्हाही अन्नतुटीचा अंदाज याच भाजकावर अवलंबून होता. तूट नव्हतीच, असे म्हणता येणार नाही. ती किती, हे सांगण्यास आधार नव्हता. सल्लागार मात्र टक्केवारीत बोलत होते. १९९१ च्या जनगणनेत लोकसंख्या ९ कोटींच्याही खाली भरली. आंतरराष्ट्रीय संस्थांचे अंदाज त्यावेळी ११ कोटींच्या पुढे होते.

राष्ट्रीय उत्पन्नाची कथा निराळी नाही. एप्रिल २०१४ मध्ये आधारवर्ष १९९० ऐवजी २०१० धरताच २०१३ चे सकल देशांतर्गत उत्पादन ८९ टक्क्यांनी वाढले. दूरसंचार, चित्रपट यांसारखे व्यवसाय जुन्या मोजमापात जवळजवळ नव्हतेच. करवसुलीत एका नायराचाही फरक न पडता राष्ट्रीय उत्पादनाशी असलेले तिचे प्रमाण मात्र निम्म्याच्या जवळ आले.