छायाचित्रांतील बोरीबंदर

मुंबईचा इतिहास लिहिताना जुनी दप्तरे, वृत्तपत्रे आणि गॅझेटियर यांचा आधार घेण्याची आपली रीत आहे. रस्त्यांच्या आणि रेल्वे स्थानकांच्या जुन्या छायाचित्रांकडे मात्र आपण बहुधा शोभेची वस्तू म्हणूनच पाहतो. वास्तविक तीही दप्तराइतकीच बोलकी साधने होत. मात्र ती वाचता आली पाहिजेत. मुंबईतील बोरीबंदरचा परिसर या दृष्टीने उत्तम उदाहरण ठरेल. महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या कितीतरी मराठी कुटुंबांचा परमुलखातील प्रवास याच स्थानकाच्या फलाटावरून सुरू झाला. त्यामुळे या स्थळाविषयी आपणांस वाटणारी आपुलकी निराळी सांगावयास नको.

बोरीबंदरची आगगाडी आणि मुंबईतील छायाचित्रणाची पहिली संस्था ही जवळजवळ जुळी भावंडे होत. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी निघाली. १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित आणि २१ मैलांचा मार्ग, असा तो थाट होता. ही रेल्वे मुंबईत यावी म्हणून झटलेल्यांत नाना शंकरशेट अग्रभागी होते. पुढे दीड वर्षाच्या आतबाहेर, म्हणजे १८५४ साली, मुंबईत छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी या दोघांचाही या संस्थेशी निकटचा संबंध होता. ही कला साहेबाबरोबर आली खरी. परंतु ती आत्मसात करण्यात मराठी माणूस मागे राहिला नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

त्या काळी छायाचित्र घेणे म्हणजे एक लहानशी मोहीमच असे. काचेच्या तावदानावर कलोडियनचा चिकट लेप द्यावयाचा, ते रौप्यक्षाराच्या द्रावणात बुडवावयाचे, आणि लेप ओला आहे तोवरच चित्र घेऊन तिथल्या तिथे धुवावयाचे. त्यासाठी काळोखी तंबू, बाटल्या, जड तिपाई आणि ओझे वाहणारे गडी असा सारा लवाजमा बरोबर न्यावा लागे. शिवाय भिंग काही सेकंद उघडे ठेवावे लागे. तेवढ्यात चालणारा माणूस चित्रातून निसटे आणि धावती गाडी धुरकट रेघ होऊन उरे. म्हणूनच त्या काळच्या चित्रांत मुंबईचे रस्ते पुष्कळदा ओसाड दिसतात. गर्दी तेव्हाही होती. काचेला ती धरता आली नाही, इतकेच. इमारती स्थिर उभ्या होत्या, त्या टिकल्या. कामाधामासाठी पळणारा सामान्य माणूस इतिहासातून जणू पुसला गेला.

आता, साल न लिहिलेले बोरीबंदरचे चित्र हाती आले, तर त्याचा काळ कसा ठरवावा? किल्ल्याची तटबंदी १८६२ पासून पाडण्यात येऊ लागली. स्थानकाची भव्य इमारत एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावरून १८७८ मध्ये सुरू झाली. १८८७ साली तिला व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळाले आणि पुढच्या वर्षी काम पुरे झाले. समोरची महानगरपालिकेची इमारत १८९३ ची. चित्रात घोड्यांची ट्राम असेल, तर ते १८७४ ते १९०५ या दरम्यानचे. विजेची ट्राम असेल, तर १९०७ ते १९६४ या काळातले. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहूनच दादरकडे गेली. बस दिसली, तर चित्र १९२६ नंतरचे. रुळांवर विजेच्या तारा दिसल्या, तर १९२५ नंतरचे. कारण त्या वर्षीच्या ३ फेब्रुवारीस येथून कुर्ल्यापर्यंत देशातील पहिली विजेची गाडी धावली. पाटीवर छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव असेल, तर ते १९९६ नंतरचे. २००४ साली या वास्तूचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला.

पुढे कोरड्या काचा आणि हाती धरावयाचे कॅमेरे आले, तेव्हा माणसे चित्रांत दिसू लागली. पण चित्राखाली नाव पडे ते इमारतीचे किंवा रस्त्याचे. हमाल, ट्रामचा वाहक, सामानाच्या वळकटीवर बसलेली बाई, ही सारी निनावीच राहिली. या पार्श्वभूमीवर हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांचे वेगळेपण उठून दिसते. त्यांनी १९०१ साली चलच्चित्राचा कॅमेरा रोखला तो एका माणसाच्या स्वागतावर. रँग्लर परांजपे विलायतेहून परतले, तो प्रसंग त्यांनी टिपला. चित्रातील माणसाला नाव असले, की त्या चित्राला इतिहासाचे मोल येते.

हेच मोल आपल्या घरातील चित्रांना देता येईल. फलाटावर नव्या नोकरीला निघालेले आजोबा, खिडकीतून डोकावणारी आजी, निरोपाला आलेली मंडळी, अशी चित्रे अनेक घरांतील ट्रंकांत पडून आहेत. त्यांतील माणसे ओळखणारी पिढी आता थकली आहे. ती गेल्यावर ही चित्रेही त्या जुन्या काचांसारखीच मुकी होतील. माणूस दिसेल, पण तो कोण हे कोणी सांगू शकणार नाही. तेव्हा वडीलधाऱ्यांजवळ बसून डावीकडून उजवीकडे नावे विचारावीत. स्थळ आणि साल यांसह ती मऊ पेन्सिलीने चित्राच्या पाठीवर लिहावीत. चित्रे खळीने चिकटवू नयेत. ओल आणि कसर यांपासून जपावीत. साल आठवत नसेल, तर वर सांगितलेल्या खुणा साहाय्यास येतील.

मंडळानेही या सुवर्णमहोत्सवी वर्षात सभासदांच्या घरच्या अशा चित्रांच्या प्रती एकत्र कराव्यात. मूळ चित्रे ज्याची त्याच्याकडेच राहावीत. बोरीबंदरची इमारत जपणारे पुष्कळ आहेत. तिच्या कमानींखालून परमुलखात गेलेल्या माणसांची नावे जपणे, हे काम मात्र आपल्यावाचून कोणी करणार नाही.